आठव्या मजल्यावरची बेनिफिशरी

लिफ्टमनची मुलगी आठव्या मजल्यावर रुजू झाली, त्या दिवशी त्याने सगळ्या इमारतीला उशीर केला. लिफ्टमध्ये जो कोणी पाऊल टाकेल त्याला तो आधी बातमी सांगायचा आणि मग बटण दाबायचा. "माझी मुलगी आजपासून वर असते. फायनान्सला." तिसऱ्या मजल्यावरचे वकील, पाचव्यावरचे दातांचे डॉक्टर, कुरिअरवाले, कोणी सुटलं नाही. मुलगी मागे कोपऱ्यात उभी राहून स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

'रुजू' हा शब्द त्याचा. कागदोपत्री ती इंटर्न होती. इंटर्न म्हणजे जिला काम नोकरीचं असतं, फक्त नोकरी नसते. कॉमर्स कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची बाकीची मुलं बँकांमध्ये नाहीतर सी.ए.च्या ऑफिसात झेरॉक्स काढायला गेली. हिच्या वाट्याला आली ती परदेशी देणग्यांवर चालणारी, देशोदेशी विकासाची कामं करणारी मोठी संस्था, आणि तिची इथली कचेरी नेमकी बापाच्या लिफ्टच्या वरच्या टोकाला. गरिबीचं काम इतक्या गार हवेत, इतक्या मऊ गालिच्यावर चालतं याचं तिला सुरुवातीला नवल वाटलं. मग सवय झाली. गारव्याची सवय लवकर होते.

घरात तिला 'ऑडिटर' म्हणत. लहानपणी दुकानातून आलेल्या सामानाची बेरीज ती पुन्हा करून बघायची आणि चूक सापडली की आईचा हात ओढत तिला परत दुकानात न्यायची. चूक आपल्या फायद्याची असली तरी न्यायची. या गोष्टीवर आई अजून कपाळाला हात लावते.

आता घराचं सांगायचं तर, इमारतीत नवी लिफ्ट बसणार होती. आपोआप चालणारी, स्वतःच मजला सांगणारी. म्हणजे वर्षा-दोन वर्षांत लिफ्टमनचं स्टूलही जाणार. "मशीन मजला सांगेल हो, पण डॉक्टरांच्या आईची तब्येत विचारेल का?" असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, आणि माणसं हसून आपापल्या मजल्यावर उतरून जायची. आईची नजर अधू झाल्यापासून तिचं शिवणकाम बंद होतं. घरात पगार आणायचा तो ऑडिटरनेच, आणि आठव्या मजल्यावर एक जागा रिकामी होणार होती. फायनान्स असिस्टंट, कायम. दोघा इंटर्नपैकी एकाला घेऊ, असं फायनान्सच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या इंटर्नला सगळे पाठीमागे 'भाचेबुवा' म्हणत. कोणाचा भाचा हे उघड कोणी बोलत नसे, म्हणजे मामा चांगलाच वरचा असणार. मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या घालायची तरी सोय झाली असती. तो हिच्यासाठी कॉफी आणायचा, हिच्याकडून स्वतःच्या चुका दुरुस्त करून घ्यायचा, आणि दर वेळी मनापासून आभार मानायचा. स्टायपेंड त्याने घेतलाच नव्हता. "पप्पा म्हणाले, पैसे कशाला घेतोस, अनुभव घे." ऑडिटरच्या बाबांना असं काही सुचलं नव्हतं. तिचा स्टायपेंड आईच्या डोळ्यांच्या थेंबांना आणि बसच्या पासला लागत होता.

या संस्थेतली एक रीत समजून घ्यायला हवी, कारण तिच्यावरच सगळं फिरलं. तिथे पैसा उधळला तर एक वेळ माफ होतं. पैसा उरला तर होत नाही. देणगीदार ज्या कामाला पैसे देतो त्याच कामाला, त्याच वर्षात ते संपवायचे. उरले तर परत पाठवायचे, आणि परत पाठवले की पुढच्या वर्षी तेवढे कमी मिळायचे. त्यामुळे वर्ष संपत आलं की आठव्या मजल्यावरचे लोक उरलेल्या पैशाकडे घरात शिरलेल्या सापाकडे बघावं तसे बघत.

त्या वर्षी 'तरुणांसाठी रोजगार प्रशिक्षण' या कार्यक्रमाचे पैसे उरले. शिकायला तरुण कमी आले होते. मॅडमनी फोनवर फोन केले, दुपारचा डबाही उघडला नाही. त्याच वेळी इंटर्नचा स्टायपेंड ऑफिसच्या साध्या खर्चातून जात होता आणि तिथे मात्र खडखडाट होता. ऑडिटरने दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

"मॅडम, एक सुचवू का?" ती म्हणाली. "इंटर्नपण तरुणच आहेत. आणि काम शिकतायत. मग माझा स्टायपेंड सुरुवातीपासून या कार्यक्रमात दाखवला तर?"

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग खुर्चीत मागे रेलून हसल्या. "अगं, इतकी वर्षं मी इथे आहे, मला हे का सुचलं नाही?" त्यांनी तिची पाठ थोपटली, सगळ्या टेबलांवर तिचं नाव घेतलं. देशभरातल्या कचेऱ्यांतल्या इंटर्नचे स्टायपेंड तिकडे वळवायचं काम तिच्यावरच आलं. तिने ते चोख केलं. खर्च दाखवायचा तर त्यासमोर कोणाला लाभ झाला तेही दाखवावं लागतं, म्हणून तिने स्वतःचं नावही चोख भरलं. संस्थेत अशा माणसाला 'बेनिफिशरी' म्हणतात. साध्या भाषेत लाभार्थी. भाचेबुवाने काही घेतलंच नव्हतं, त्यामुळे त्याचं नाव कुठे भरायचा प्रश्न आला नाही.

संध्याकाळी तिने हे बाबांना लिफ्टमध्येच सांगितलं. बाबांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण मॅडमनी पाठ थोपटली एवढं कळलं, आणि ते पुष्कळ होतं.

मुलाखतीला मॅडम होत्या, आणि नेमणुकांचं काम बघणारे एक गृहस्थ होते. या गृहस्थांचा आवाज फार मऊ होता. ज्यांचा आवाज इतका मऊ असतो त्यांच्यापासून चार हात लांब राहावं, पण हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "तुझं काम उत्तम आहे यात वाद नाही. पण तू आमची बेनिफिशरी आहेस. बेनिफिशरीला दोन वर्षं संस्थेत नोकरी देता येत नाही. आपल्याच माणसांना मदत दाखवायची आणि मग नोकरीला लावायचं, असे प्रकार मागे कुठेतरी झाले होते, म्हणून नियम आहे."

"पण सर, मी इंटर्न आहे. ते फक्त पैसे कुठून गेले ते दाखवायला..."

"म्हणजे नोंद खोटी आहे?"

खोटी म्हटली तर ती तिनेच केलेली. खरी म्हटली तर ती लाभार्थी. पैसे कुठून खर्च करावेत याचे सगळे नियम तिने पाठ केले होते. माणसं कशी घ्यावीत याचे नियम फायनान्सच्या कपाटात नव्हते, म्हणून वाचले नव्हते. आपल्या हातांनी आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा, आणि तोही असा मापून, असं क्वचित कोणाला जमतं. तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडम पेनचं टोपण घालत होत्या, काढत होत्या.

"नोंद बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "तिचं काम नेहमी बरोबर असतं."

जागा भाचेबुवाला मिळाली. त्याने तिची मनापासून माफी मागितली आणि दुसऱ्या दिवसापासून काम कसं करायचं ते तिला विचारायला लागला. कारण मॅडमनी तिला एक सवलत दिली होती: नोकरी नाही, पण बेनिफिशरी म्हणून आणखी सहा महिने राहता येईल, स्टायपेंड चालू राहील. तिने हो म्हटलं. मान ताठ ठेवून घरी बसायला जे लागतं ते तिच्या घरात नव्हतं.

घरी तिने एवढंच सांगितलं की मला ठेवून घेतलं. हे खोटं नव्हतं. बाबांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. "पोस्ट कोणती?" आत्याने फोनवर विचारलं, कारण आत्याचा मुलगा गोदामात सुपरवायझर होता आणि तिला तुलना करायची होती. "सांगते नंतर," म्हणून ऑडिटरने वेळ मारून नेली.

पोस्ट बाबांना सापडली ती पोस्टरवर. संस्थेला देणगीदारांना दाखवायला यशोगाथा हव्या असतात, आणि हाताशी एक हुशार, गरीब, प्रशिक्षण घेतलेली मुलगी होतीच. फोटोग्राफर घरी आला. त्याने आईला फ्रीजसमोरून उठवून भिंतीजवळ बसवलं. "फ्रीज दिसला की बघणारे गोंधळतात," तो म्हणाला. आईला हसायची मनाई झाली. बाबा इस्त्रीचा गणवेश घालून तयार होते; त्यांना टोपी काढायला आणि खाली बघायला सांगितलं. त्यांनी सगळं आनंदाने केलं. शेवटी फोटो निवडला तो ऑडिटरचा एकटीचा, आणि तो भला मोठा करून तळमजल्यावर, लिफ्टच्या अगदी शेजारी लावला. खाली इंग्रजीत दोन शब्द होते, तिचं नाव आणि आणखी एक. बाबांनी एकेक अक्षर जुळवून त्यातला दुसरा वाचला. बेनिफिशरी.

सेक्रेटरीसारखा शब्द होता. ऐकायला तर सेक्रेटरीपेक्षाही भारी. त्या दिवसापासून लिफ्टमध्ये दुसरा विषय राहिला नाही. "ही पोस्टरवरची माझीच मुलगी. बेनिफिशरी झाली आठव्या मजल्यावर." कुरिअरवाले माना डोलवायचे. वकील म्हणाले, "वा वा, अभिनंदन. मोठी पोस्ट." आणि पाठ फिरवून खोकले. आत्याला फोन गेला. आत्याने तो शब्द तीनदा म्हणवून घेतला आणि सुपरवायझरचा विषय काढला नाही. आईने कित्येक दिवसांनी आरशात बघून केस विंचरले.

ऑडिटर रोज हे ऐकत वर जायची. सांगू, उद्या सांगू, असं तिचं चाललं होतं. तिला बापाची कीव यायची आणि रागही यायचा, आणि राग हळूहळू कीवेला खाऊन टाकत होता. दिवसभर भाचेबुवाला शिकवायचं, आणि खाली आलं की ही मिरवणूक.

मग देणगीदारांची माणसं भेटीला आली. मॅडम त्यांना घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या, त्यांच्यामागे नवीन कोट घातलेला भाचेबुवा, आणि फाइली घेऊन ऑडिटर. बाबा ताठ उभे राहिले. पाहुण्यांकडे बघत, छातीवर हात ठेवून, मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "माय डॉटर. बेनिफिशरी."

पाहुणे हरखले. इतक्या अभिमानाने हा शब्द उच्चारणारा माणूस त्यांना आजवर कुठल्याच देशात भेटला नव्हता. एका बाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. मॅडमनी घाईघाईने बाकीचं सांगून टाकलं, कुटुंब किती कृतज्ञ आहे वगैरे. भाचेबुवा छताकडे बघत होता. आठवा मजला आला, मंडळी उतरली. ऑडिटर उतरली नाही. तिने फाइली भाचेबुवाच्या हातात कोंबल्या आणि दार लावून घेतलं.

"बघितलंस?" बाबा म्हणाले. "बाईंनी हात मिळवला."

"बाबा, बेनिफिशरी म्हणजे काय माहितीये तुम्हाला?"

"ऑफिसर लोकांतलंच ना काहीतरी?"

"बेनिफिशरी म्हणजे लाभार्थी. ज्याला मदत मिळते तो. ते देतात, आपण घेतो. तोंडावर भिकारी म्हणता येत नाही म्हणून हा शब्द आहे. नोकरी त्या कोटवाल्याला मिळाली. तुम्ही सगळ्या इमारतीला सांगत फिरताय की माझी मुलगी भीक मागते."

तिला हे हळू सांगता आलं असतं. घरी, आईसमोर, पाण्याचा ग्लास देऊन सांगता आलं असतं. तिने मुद्दाम असं सांगितलं, आणि सांगताना तिला कित्येक दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. ज्यांना हे ऐकवायचं होतं ते गालिच्यावरून पुढे निघून गेले होते. हा माणूस हाताशी होता.

बाबा बटणांच्या पाटीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणून वकीलसाहेब खोकले होय." आणि थोड्या वेळाने, "आईला नको सांगू."

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. वकील आत आले, दोघांना बघून त्यांचा चेहरा खुलला.

"काय मग," ते म्हणाले, "बेनिफिशरीबाई काय म्हणतायत?"

आज पहिल्यांदा तो प्रश्न बाबांना पूर्ण समजला. त्यांनी नेहमीसारखा सलामाचा हात कपाळाला लावला.

"कृपा आहे साहेब," ते म्हणाले, "चांगली पोस्ट आहे," आणि तळमजल्याचं बटण दाबलं. मागून ऑडिटरला त्यांचा लालबुंद झालेला कान दिसत होता.