पेनी पडली आणि ट्यूब पेटली

परवा डहाणूला आमच्या घरी सगळे मिळून एक नाणं शोधत होतो... आणि नाणं मुळात पडलंच नव्हतं.

माझी नणंद लंडनहून सुट्टीला आली आहे, सोबत तिची नऊ वर्षांची रिया. आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, वर्षभर नातीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले. तिला वाडीत न्यायचं, झाडावरचा चिकू तिच्या हाताने काढायचा, किनाऱ्यावर फिरवायचं... बेतांवर बेत चालले होते.

पण रियाने पहिल्याच दिवशी तोंड मिटून घेतलं. "नाना, तू कशी आहे?" असं वाक्य बिचारी विमानात घोकून आली होती. ते ऐकून घरभर हशा पिकला आणि त्यानंतर पोरीने मराठीचा एक शब्द उच्चारला नाही.

नणंद मला हळूच म्हणाली, "वहिनी, तिकडे माझ्याशी मोडकंतोडकं तरी बोलते गं. आता परत गेली की तेही बंद करेल." नानांचं इंग्रजी म्हणजे कम, ईट आणि व्हेरी गुड. दोघं समोरासमोर बसून नुसती एकमेकांकडे बघून हसायची... आणि येत्या रविवारी ती परत जाणार.

तर परवा संध्याकाळी रियाने तिकडून आणलेले पत्ते काढले आणि खाणाखुणांनी नानांना खेळ शिकवायला बसली. नाना आपले सारखा चुकीचा पत्ता टाकायचे. मग एकदम त्यांना कळलं आणि त्यांनी बरोब्बर पत्ता टाकला. रिया टाळ्या वाजवत ओरडली, "नाना! द पेनी ड्रॉप्ड!"

नानांना ड्रॉप्ड तेवढं समजलं. लगेच उठले, चटई उचलली, उशा झटकल्या, आतून टॉर्च घेऊन आले. "परदेशी नाणं आहे, इथं दुसरं मिळायचं नाय, शोधा शोधा," म्हणत आम्हालाही कामाला लावलं! मी स्वयंपाकघरातून धावत आले ती थेट कपाटाखाली वाकले.

रियाने घाबरून आईला सगळं सांगितलं, तेव्हा उलगडा झाला. पेनी पडली म्हणजे बराच वेळ न समजलेली गोष्ट अखेर लक्षात आली. पूर्वी मशीनमध्ये नाणं टाकायचं, ते अडकून बसायचं, आणि खाली पडलं की मशीन चालू व्हायचं... त्यावरून तसं म्हणत असावेत, असं नणंद म्हणाली.

घरातली बाकीची पोरं हसून लोळत होती. मला वाटलं, नाना आता चिडणार. पण टॉर्च हातात तसाच ठेवून ते म्हणाले, "म्हणजे आपल्या स्टेशनवरचं वजनाचं मशीन! नाणं टाकलं की आधी खडखड, मग दिवे फिरायचे, मग तिकीट..." चेहऱ्यावर असा आनंद, की जणू पेनी खरोखरच सापडली.

मग रियाला म्हणाले, "आमच्याकडे काय म्हणतात सांगू? ट्यूब पेटली." मी आपलं शब्दाला शब्द लावून त्याचं इंग्रजी केलं. रियाचा चेहरा पांढराफटक. "व्हिच लाइन? इज डॅडी ओके?"

मला काही कळेना. मग नणंदेने सांगितलं, लंडनमध्ये ट्यूब म्हणजे जमिनीखालून धावणारी रेल्वे. रियाचा बाबा रोज तिनेच कामाला जातो... आणि इथे तिची मामी तिला सांगत होती की ट्यूबला आग लागली!

पोरं पुन्हा खिदळायला लागली. रियाची मान खाली गेली, डोळे भरले. आता ही दार लावून आत बसणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात नानांनी हात वर केला. "हसायचं नाय. मगाशी मी चटईखाली पेनी शोधत होतो ना, आता ही आगगाडी शोधते. फिट्टंफाट." मग रियाचा हात धरून तिला पडवीत नेलं. तिथे त्यांची जुनी ट्यूबलाइट आहे, हजारदा सांगूनही त्यांनी बदलू दिलेली नाही. त्यांनी बटण दाबलं. ट्यूब लुकलुकली, विझली, पुन्हा लुकलुकली... आणि लख्ख पेटली. नानांनी एक बोट ट्यूबकडे केलं, मग स्वतःच्या डोक्याकडे.

रियाने आधी ट्यूबकडे पाहिलं, मग नानांच्या डोक्याकडे. मग उडी मारून ओरडली, "नाना, पेटला! माझा पण पेटला!"

"पेटला गो पोरी, झकास पेटला!" नाना म्हणाले.

मी तलासरीच्या शाळेत मराठी शिकवते. "पेटला नाही, पेटली" माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, पण नानांचा चेहरा बघितला आणि गप्प बसले. त्यानंतर रियाची जी टकळी सुरू झाली... काल वाडीत अख्खी दुपार ती नानांशी बोलत होती, सगळी लिंगं, सगळे प्रत्यय चुकवत.

माझ्या वर्गात घरी दुसरीच बोली बोलणारी कितीतरी मुलं आहेत. ती गप्प असतात, आणि मी त्यांना लाजाळू समजत आले; त्यांनी तोंड उघडताच चूक दुरुस्त करणारी मीच होते. आणि नानांसारखा इतका साधा, इतका मोठा माणूस रोज माझ्या समोर वावरतोय...

थँक्यू नाना. माझी जरा उशिराच पेटली.