सव्वातीनच्या चुका

माझ्या मावशीला गप्प बसवणं एकवेळ जमेल, स्वस्थ बसवणं नाही. ती आमच्या प्रयोगशाळेत तारा जोडते. तिथे छताला टांगलेलं एक पिंपासारखं यंत्र आहे. त्याच्या पोटात अशी थंडी की बर्फालाही हुडहुडी भरावी, आणि तळाशी नखाएवढी चकती. तिच्यावर क्वांटम संगणकाचे क्यूबिट, म्हणजे माहिती लक्षात ठेवणारे इवलेसे घटक, असतात. गेल्या सात वर्षांत यंत्रातली तार न् तार मावशीनं स्वतःच्या हातानं बसवली आहे. मी तिथेच आकडे वाचते. लोक मला वशिल्याचं तट्टू म्हणतात, म्हणू देत.

हे क्यूबिट महाविसरभोळे. म्हणून एकच गोष्ट अनेकांनी मिळून सांभाळायची. पण कुणाला थेट विचारायची सोय नाही; आत डोकावलं की सगळं मुसळ केरात. मग शेजाऱ्याशेजाऱ्यांना एवढंच विचारायचं, "तुमचं जुळतं का?" जिथे जुळत नाही तिथे चूक, ती तिथल्या तिथे सुधारायची.

"यात नवल ते काय?" मावशी पहिल्याच दिवशी म्हणाली होती. लहानपणी ती आम्हा भावंडांना असंच पकडायची. काचेचा जग फुटला तर "कुणी फोडला?" असं विचारायचीच नाही. दोघादोघांना बाजूला घेऊन "तुमचं म्हणणं एकच ना?" एवढंच. ज्याचं कुणाशीच जुळायचं नाही, तो चोर. मी चार वेळा सापडले.

आता शुक्रवारपर्यंत आम्हाला दाखवून द्यायचं होतं, की एकोणपन्नास क्यूबिट मिळून सतरांपेक्षा कमी चुकतात. नाहीतर यंत्र कायमचं बंद, आणि मावशीची रवानगी कोठारात, स्क्रूंचे डबे लावायला. रोज सकाळी सतरांची पाळी, दुपारी एकोणपन्नासांची. आणि रोज एकोणपन्नासच जास्त चुकायचे. रोगापेक्षा इलाज भयंकर!

मावशीनं सगळ्या जोडण्या पुन्हा तपासल्या. चुका वाढल्या. बुधवारी मला आलेखात दिसलं, की रोज सव्वातीनला सगळेच क्यूबिट एकदम अडखळतात. एकटा घसरला तर शेजारी पकडून देतील. सगळेच घसरले तर साक्ष कोण देणार?

"म्हणजे त्या वेळी कुणीतरी काहीतरी करतंय," म्हणत मावशीनं प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंसकट आम्हा सहा जणांना रांगेत उभं केलं. जोडीजोडीला विचारलं, "सव्वातीनला तुम्ही दोघं एकाच जागी असता का?"

हो. हो. हो. सगळे चहाच्या खोलीत.

"आणि मावशी, तू गं?" मी विचारलं.

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "मी यंत्रापाशी. थोपटते त्याला."

"काय करता?" बाई किंचाळल्या.

"अहो, सकाळच्या सतरांचं बरं चाललेलं असतं. दुपारी बिचाऱ्यांवर केवढा भार! चुका वाढल्या, तशी मीही जास्त थोपटायला लागले."

काखेत कळसा नि गावाला वळसा! तिच्या थोपटण्याचा हादराच सगळ्या क्यूबिटांना एकदम बसत होता. आम्ही पोट धरधरून हसलो. मावशीच्या डोळ्यांत मात्र पाणी. "सात वर्षं जपलं गं, आणि मीच..." मग मलाही हसवेना.

गुरुवारी दुपारी आम्ही तिला चहाच्या खोलीत मधोमध बसवलं, दोघांनी तिचे दोन्ही हात धरले. सव्वातीन वाजले. तिची बोटं माझ्या मुठीत वळवळत होती. चार वाजता मी आकडे दोनदा वाचले, मग ओरडले. एकोणपन्नासांच्या चुका सतरांच्या जेमतेम निम्म्या!

"यंत्र राहणार, मावशी," बाई म्हणाल्या. "आणि तुम्हीही."

मावशी उडालीच. हात वर करून थेट यंत्राकडे धावली, आणि "नको, नको" करत सहाही जण तिच्यामागे. धरलं तरी हात थांबेनात. शेवटी तिनं बाईंचीच पाठ थोपटली, पार चष्मा पडेपर्यंत.

आता यंत्राभोवती जमिनीवर पिवळी पट्टी मारली आहे, मावशीच्या हातापेक्षा वीतभर लांब. सव्वातीनला ती पट्टीपाशी उभी राहते आणि शेजारी येईल त्याची पाठ थोपटते. चहाच्या खोलीत हल्ली त्या वेळी कुणीच नसतं.