जयवंताच्या खिशातली चिठ्ठी

जयवंत गेल्याचं मला देवळाली कॅम्पच्या बाजारात कळलं. दुरुस्त केलेला पंखा पोचवायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, तुमचे पायलटसाहेब सकाळीच गेले, तुम्हाला ठाऊक नाही? ‘तुमचे’ हा शब्द मला तेव्हाही झोंबला. आठ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. तरी पंखा तिथेच टाकून मी त्याच्या घराकडे निघालो, हेही खरं...

नाशिकरोडच्या शाळेत आम्ही एका बाकावर. तो पायलट झाला, मी मेकॅनिक, आणि सत्तर सालानंतर एका कारखानदार शेठच्या छोट्या विमानावर पुन्हा एकत्र आलो. उंचावर हवा विरळ, म्हणून आत हवेचा दाब राखावा लागतो, आणि तो टिकतो दाराच्या रबरी पट्टीवर. दर आठवड्याला मी त्या पट्टीला टाल्कम पावडर चोपडून दार मिटायचो. उघडल्यावर चौकटीवर ठसा जिथे तुटलेला दिसे, तिथे हवा गळणार. असा दोष खरं तर दुरुस्तीच्या वहीत लिहायचा. पण वहीत लिहिलं की विमान जमिनीवर, आणि शेठचं डोकं आभाळात. म्हणून आमची आपली एक पद्धत होती. मी चिठ्ठी लिहून जयवंताच्या शर्टाच्या खिशात घालायची, काम झालं की दोष आणि दुरुस्ती दोन्ही वहीत एकदमच चढवायच्या. मैत्रीत वही कशाला, असा तो सगळा मामला.

त्या आठवड्यात बिजागरीजवळ बोटभर ठसा उठला नाही. मी चिठ्ठी दिली. त्याने वाचली, खिशात घातली, म्हणाला, “उद्या शेठला दिल्लीला न्यायचंय. परवा बदलू, मधू.” मीही मान डोलावली. ती मान माझी होती, ते नाकारत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. उंचावर गेलं की दर थोड्या वेळाने तो शेजारच्याला एकोणीसचा पाढा म्हणायला लावी. हवा कमी पडली की माणसाला काही दुखत नाही, उलट मजा वाटते, ही त्याची शिकवण. वीस हजार फुटांवर दाराकडून बारीक शिटी ऐकू यायला लागली आणि मी खुशीत म्हणालो, एकोणीस चोक सत्तावन्न. आणि हसत सुटलो. जयवंत हसला नाही. त्याने आधी स्वतःचा ऑक्सिजनचा मास्क चढवला, मग माझ्या तोंडावर दुसरा दाबला, आणि विमानाचं नाक खाली घातलं. भानावर आल्यावर मागे झोपलेल्या शेठला मी मास्क लावला. दहा हजार फुटांवर आल्यावर जयवंताने विचारलं, “एकोणीस चोक?” मी म्हटलं, शहात्तर. तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला. असं विमान त्याच्याशिवाय कोणी उतरवलं नसतं, हे मी आजही कोणालाही सांगेन.

पुढच्या आठवड्यात चौकशी झाली. वहीत काही नव्हतं. मी म्हणालो, चिठ्ठी दिली होती. चौकशी करणाऱ्या साहेबांनी जयवंताकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत म्हणाला, “मला कोणी काही सांगितलं नव्हतं.” माझी नोकरी गेली, माझ्या हातावरचा विश्वास गेला. मी पंख्यांच्या आणि पाण्याच्या मोटारींच्या जळालेल्या तारा नव्याने गुंडाळून देऊ लागलो. दर दिवाळीला त्याच्याकडून फराळाचा डबा यायचा. घरचे खायचे. माझ्या घशाखाली चकली कधी उतरली नाही.

परवा महिन्याने पुन्हा गेलो. वहिनींनी चहा केला. मी बसलो होतो त्या त्याच्या खोलीत खुंटीवर पायलटचा पांढरा शर्ट अजून इस्त्री करून टांगलेला होता. वहिनी म्हणाल्या, “भावजी, एक सांगते. मनाला लावून घेऊ नका. त्या वेळच्या तुमच्या चुकीबद्दल ह्यांनी तुम्हाला केव्हाच माफ केलं होतं.”

म्हणजे स्वतःच्या घरातही, शेवटपर्यंत तेच... मी चहा संपवून कप त्यांच्या हातात दिला. नवरा गेलेल्या बाईपुढे काय बोलणार? त्या कप ठेवायला आत गेल्या, तेव्हा मी उठलो आणि त्या शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली. खिसा रिकामा होता. कडक इस्त्रीचा, अगदी स्वच्छ. जिथे माझी चिठ्ठी असायची, तिथे हात ठेवून मी वहिनी येईपर्यंत उभा राहिलो.