तापलेली बाजू

आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तेव्हा मी होतो. आकडे दाखवणाऱ्या यंत्राच्या पेटीला नवीच विजेची पट्टी बसवली होती. तिची आतली बाजू गार व्हायची आणि बाहेरची तापायची. पेटी आतून तापली की वजन चुकायचं, अन् दुष्काळातल्या मूठभर उसावरून माणसं हातघाईवर यायची.

तामलवाडीकडचा एक म्हातारा गाडीवान मात्र आला की बाहेरच्या बाजूला हात लावायचा, "लई तापलंय बिचारं," म्हणायचा आणि पट्टीचं बटण बंद करायचा. दर खेपेला! त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, नुसता ओरडलो.

"अहो बाबा, आत गार ठेवायचं तर बाहेर तापणारच. किती वेळा सांगू?"

उपरण्यानं मान पुसत तो म्हणाला, "व्हय? मग सायेब, तुमी येवढं तापताव, तर तुमच्या घरात कोण गार पडतंय?"

रांगेतले गाडीवान हसले. मी बटण चालू केलं आणि "पुढची गाडी घ्या" म्हणून खेकसलो.

आजवर कुणाला सांगितलं नाही. त्या संध्याकाळी दारात चपला काढल्या, तेव्हा त्या आवाजासरशी आतलं बायको-मुलांचं हसणं बंद झालेलं मला पहिल्यांदा ऐकू आलं.