चोरखमाऱ्याच्या तलावातली पाणबुडी

देश स्वतंत्र झाला त्या साली मी आरमारातून सुटून गावी आलो आणि आल्या-आल्या अख्खं महायुद्ध चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून पुन्हा एकदा जिंकलं. आमच्या गावात समुद्र पाहिलेला माणूस मी एकटा. म्हणजे समुद्र माझाच! लाटा किती उंच करायच्या, मासे केवढे ठेवायचे, सगळा कारभार माझ्याकडं.

पण माझा हुकमी एक्का म्हणजे जर्मनांची पाणबुडी. लोखंडाची बोट, पाण्याखालून चालणारी, पोटात पन्नासेक माणसं. दोघांत मिळून एक बिछाना. एक पहाऱ्याला उठला की दुसरा त्याच्याच उबेत शिरायचा. पावावर बुरशी अशी, की पाव नव्हे, ससा वाटावा. कुठल्याशा गारठलेल्या बंदरात ती बांधली, दोन वर्षं तिकडच्या समुद्रात धुमाकूळ घातला आणि मग आफ्रिकेला वळसा घालून ती आपल्या वाटेला आली. तिनं किती जहाजं बुडवली, तो आकडा मी ऐकणाऱ्याचं तोंड पाहून ठरवायचो. शेवटी आमच्या जहाजानं तिला गाठलं आणि पिंपाएवढे बॉम्ब पाण्यात सोडले. ती पिंपं ढकलणारा हात कोणाचा? हाच!

"लोखंड पोहते म्हनते हा," पाळीवरचा म्हातारा ढिवर जाळं विणता-विणता म्हणायचा. "माही कुऱ्हाड पडली तं अजून वर नाही आली. तुया जर्मनाले इचार, कुठं गेली."

लोक हसत. मीही हसायचो. पण एक माणूस हसत नव्हता. गावातले मोठे धानवाले शेतकरी, काकाजी; त्यांच्या मुलीशी माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. त्यांनी माझ्या बापाला तोंडावर सांगितलं, "पोरगा धट्टाकट्टा आहे, पन तोंडाचा भरोसा नाही. खोटारड्याले मी पोरगी देत नाही."

तिला मी धानाच्या रोवणीत एकदाच पाहिलं होतं. गुडघाभर चिखलात उभी, हातात पऱ्ह्याची, म्हणजे धानरोपांची, जुडी. साऱ्या बाया मला पाहून हसल्या, ती तेवढी हसली नाही. मला तेवढं पुरलं.

दुसऱ्या पावसाळ्यात काकाजींनी गोंदियाहून धान कांडायला जुनं तेलाचं इंजिन आणलं. पाळीखालच्या वाटेवर चिखल इतका, की म्हैस रुतली तर शिंगं पुढल्या दिवाळीला दिसावीत. गाडी जाईना. तेव्हा त्यांनी आमच्याकडची जुनी रीत धरली: दोन डोंगे शेजारी बांधायचे, वर फळ्या टाकायच्या आणि ओझं तलावातून पार न्यायचं. भर पाण्यात वारा सुटला, डोंगे कलंडले, इंजिन तळाला गेलं. माणसं पोहून आली. उलटे डोंगे पलीकडच्या बेशरमीच्या झुडपांत अडकलेले सापडले.

आणि तिथंच सगळे चुकले. डोंगे जिथं, इंजिन तिथं, असं धरून ढिवरांनी तीन दिवस झुडपांपाशी बुड्या मारल्या. हाती काय लागलं? शिंगाडे.

चौथ्या दिवशी मी काकाजींना विचारलं, "इंजिनात तेल होतं का?"

"टाकी भरून होतं. काऊन? दिवा लावाचा आहे?"

"आमची पाणबुडी बुडाली ना..."

"झाला सुरू!" म्हातारा ढिवर ओरडला.

"...ती कोणाले दिसली नाही, बुवा. दिसलं ते तेल. डोंगा वाऱ्यानं सरकते, बुडालेलं लोखंड सरकत नाही. उद्या वारा पडला असताना मले डोंगा द्या. इंजिन नाही भेटलं, तं मी गाव सोडतो."

काकाजी म्हणाले, "सोडच."

सकाळी पाणी परातीतल्यासारखं निश्चल होतं. म्हाताराच डोंगा हाकत होता, कुरकुरत. झुडपांकडं पाण्यावर तेलाचा पट्टा दिसला, कबुतराच्या मानेच्या रंगाचा, चांगला पाटासारखा रुंद. मी उलट दिशेनं डोंगा घ्यायला लावला. पट्टा निमुळता होत गेला. फेट्याएवढा, मग दोऱ्याएवढा. दोऱ्याच्या टोकाला खालून एक-एक थेंब येऊन फुटत होता.

"इथं."

म्हाताऱ्यानं बुडी मारली. मी श्वास धरला तो, खोटं नाही सांगत, पाऊण तास! डोक्यावर गाळ घेऊन तो वर आला, पाणी थुंकला आणि गरजला, "आहे बे! तुया जर्मन बसला आहे खाली!"

आठ बैलजोड्या लावून इंजिन ओढलं. (गोंदियात सांगताना मी सोळा सांगतो.) पाळीवर जत्रा जमली. ती पण आली होती आणि या वेळी हसली.

काकाजी माझ्यापाशी आले. "म्हंजे पानबुडी खरी होती?"

"खरी होती."

"अन् ते पिंपं तूच ढकलले?"

सारा गाव ऐकत होता. हो म्हणायला काय लागत होतं? पण समोर चिखलानं माखलेलं खरं इंजिन उभं होतं. त्याच्या पुढ्यात जीभ वळेना.

"नाही, काकाजी. मी भटारखान्यात भात शिजवत होतो. तेलाचा पट्टा खिडकीतून पाहिला. वाचलेल्या एका जर्मनाले पेज पाजली. बोटीची सारी कहाणी त्यानं सांगितली, थोडी हातवाऱ्यांनी, थोडी जर्मन जाणणाऱ्या आमच्या एका साहेबामार्फत."

काकाजींनी इंजिनावरचा चिखल बोटानं पुसला.

"भात शिजवता येते म्हनतोस?"

"दोनशे माणसांचा."

"किती?"

"...साठ."

"बरं हाय," ते म्हणाले. "माह्या पोरीचा भात नेहमी करपते."