आमच्या घरात ‘जाते’ म्हणतात

आमच्या घरातून बाहेर पडताना पूर्वी कोणी ‘जाते’ म्हणत नसे. आम्ही तंजावुरातली मराठी माणसं. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून बोलण्यात निम्मं तमिळ मिसळलं, पण हा नेम काही सुटला नाही. निघताना ‘येते’ म्हणायचं. ‘जाते’ म्हणणं अभद्र, ते कायमचं जाणं. शेजारची तमिळ माणसंही ‘जाऊन येतो’ असंच म्हणतात. म्हणजे सुटका कुठूनच नाही!

माझ्या मुलीला ऑटिझम आहे. शब्दाचा जो अर्थ, तोच तिला खरा. तिरुवैयारूचे माझे दीर कॉफी पिऊन “येतो गे पोरी” म्हणत बस पकडायला निघाले, की ही तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसायची. येतो म्हणाले ना? मग येणार. ताटातली दोसै, तुमचा डोसा, गार व्हायची, अंधार पडायचा, आणि हाताला धरून आत आणायला गेलं तर किंचाळून स्वतःचं मनगट चावायची.

सगळे म्हणत, पोरीला नीट शिकवा. शिकवलं हो! समोर बसवून सांगितलं, “येते म्हणजे जाते.” तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, “येते म्हणजे येते.”

त्या दिवशी मला राग आला तो तिचा नाही, आम्हा सगळ्यांचा. शुक्रवारी सकाळी सासूबाई दारात कोलम, तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढत होत्या. मी सांगून टाकलं, “आजपासून या घरात ‘जाते’ म्हणायचं. परत केव्हा येणार तेही सांगायचं. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणायचं.”

त्यांच्या चिमटीतलं पीठ चिमटीतच राहिलं. “वेड लागलं काय गे तुला? शुक्रवारी, लक्ष्मीच्या वारी, सकाळी असलं बोलतेस? एका पोरीपायी सगळ्या घरानं जीभ वळवायची?”

“हो,” मी म्हटलं. “एका पोरीपायी.”

सुरुवात मी केली. कॉलेजच्या ऑफिसात निघताना ओट्यावरून मोठ्यानं म्हणायची, “जाते! संध्याकाळी दिवा लावायच्या आत येईन.” समोरच्या बाई कानांवर हात ठेवायच्या. ठेवोत. टाउन बस रखडली की मी घरी फोन करून पोरीला सांगायची. नवऱ्याची जीभ अडखळायची, “ये… जातो!” दीर तर रुसलेच. तुमच्याकडे मरणाची भाषा बोलतात, म्हणाले, आणि यायचे बंद झाले. मी म्हटलं, न येवोत! पोंगलच्या सणाला मुकाट्यानं आले. जाताना तोंडावर रुमाल धरून “जातो” असं पुटपुटले. पोरीनं ताटातून मान वर केली नाही. गरम दोसै खात होती.

बधल्या नाहीत त्या फक्त सासूबाई. ‘येते’ म्हणून नातीला बसवून ठेवायचं नाही, आणि ‘जाते’ तर जिभेवर येऊ द्यायचं नाही. मग काही न बोलता मागच्या दारानं सटकायच्या. देवळात जायचं असलं तरी चपला हातात घेऊन! मला हसूही यायचं आणि संतापही.

यंदा त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, त्रिचीला. गाडी पुढच्या दारात उभी. माणसांची गर्दी, त्यामुळे मागच्या दाराची सोय नाही. पोर तिण्णैवर उभी राहून आजीच्या तोंडाकडे बघत होती. जावा, नणंदा, सगळ्या एकसुरात, “येते म्हणा हो, येते म्हणा.”

सासूबाई तिच्यापुढे थांबल्या. अंगाला हात लावलेला तिला सोसत नाही, म्हणून हातभर दूर.

“पोरी, जाते.”

कोणीतरी “अय्यो!” म्हणालं. पोरीनं विचारलं, “केव्हा येणार?”

“ठाऊक नाही.”

“बरं,” म्हणाली आणि आत गेली. स्वयंपाकघरात ताट ओढल्याचा आवाज आला.

मला हुंदका आवरेना. सासूबाई गाडीत बसता बसता माझ्यावर खेकसल्या, “रडतेस कशाला? मी नाही आले परत, तर ती इथे बसून राहायला नको. म्हणून म्हटलं.”