लोसेलिनीने रविवारी सोडवलेली मालिका

लोसेलिनी आमच्या टोंगातल्या शाळेत बावीस वर्षं गणित शिकवते. त्या शुक्रवारी घाईत तिची फळ्यावर चूक झाली. अनंत मालिकेतल्या लगतच्या पदांच्या गुणोत्तराची सीमा एक आली आणि तिनं लिहिलं, ‘मालिका अभिसारी’, म्हणजे तिची बेरीज एका ठरावीक संख्येपाशी थांबते. खरं तर सीमा एक आली की ही कसोटी काहीच सांगत नाही. आणि सोमवारी शिष्यवृत्तीची परीक्षा होती.

शनिवारी वह्या तपासताना अठराही वह्यांत तेच उत्तर निघालं. फक्त उइनिसेच्या पानावर आधी नेमकं उलट, ‘अपसारी’, लिहून खोडलेलं दिसत होतं.

रविवारी आमच्या बेटावर कुणी कामाला हात लावत नाही. तरीही प्रार्थना सुटल्यावर लोसेलिनी चर्चच्या दारात उभी राहिली.

“का खोडलंस गं?”

“बाई, तुमच्याविरुद्ध कसं लिहू?” आदर म्हणून कमरेला गुंडाळलेली चटई चाचपत उइनिसे पुटपुटली.

“माझा मान ठेवून नापास होणार होतीस?”

पाद्री खाकरले. “बाई, आज रविवार.”

“चूक माझी, पाद्रीबाबा. पापही मलाच लागू दे.”

छत्रीच्या टोकानं ती वाळूत लिहू लागली. या मालिकेचं प्रत्येक पद एका अपसारी मालिकेच्या पदाहून लहान नाही, म्हणून हिचीही बेरीज कुठेच थांबत नाही. मुलं अंगावरचे नवे कपडे सावरत वाकून बघत होती.

“बाई,” उइनिसे सगळ्यांसमोर म्हणाली, “तिसऱ्या ओळीत चिन्ह उलटं पडलंय.”

लोसेलिनीनं छत्री तिच्या हातात दिली.

“मग बघतेस काय? कर दुरुस्त.”